जादू आहे, तरी नांगर अजून बैलच का ओढतात?

फासेवाला:
डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत, पात्रं वठवत खेळायचा जादूच्या दुनियेतला खेळ, १९७४ साली आला. तेव्हापासून त्या धर्तीवरच्या बहुतेक दुनिया एकाच साच्यातल्या: किल्ला, सराईतली दारू, चिखलाचे रस्ते, भुकेली कुळं. आणि याच दुनियेत पुजारी मेलेल्याला उठवून बसवतात! या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतला प्लँट ग्रोथ, म्हणजे झाडं वाढवायचा मंत्र घ्या. लढाईत त्याची फारशी आठवण कोणाला होत नाही. पण आठ तास बसून म्हटला, तर अर्धा मैल त्रिज्येतल्या सगळ्या वनस्पती वर्षभर जोमात येतात, पीक दुप्पट. म्हणजे एका बैठकीत सुमारे ५०० एकर. पाचव्या पातळीचा एक ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारा, वर्षाचे ३०० दिवस राबला तर दीड लाख एकर. मी मनाचं सांगत नाही, नियमपुस्तकात छापलंय. अशा जगात दुष्काळ दाखवणं हा लेखकाचा निव्वळ आळस. खरी जादू असलेला समाज मध्ययुगात राहूच शकत नाही.

तिरकस:
नियमपुस्तक म्हणजे अर्थशास्त्र नव्हे हो. ते मंत्र टेबलाभोवतीच्या चार खेळाडूंसाठी लिहिलेत, तालुक्यासाठी नाही. पाचव्या पातळीचे ड्रुइड काय गल्लोगल्ली असतात? आणि असलेच तर ते जंगल राखायला बसलेत, तुमचा गहू वाढवायला नाही.

फासेवाला:
जिल्ह्याला एक असला तरी पुरतो. हिशोब वर दिलाय.

कांदेबहाद्दर:
घरची शेती आहे म्हणून विचारतो. पीक दुप्पट म्हणजे भरभराट, हे कुणी ठरवलं? आवक वाढली की भावाचं काय होतं ते एकदा लासलगावला येऊन बघा. शिवाय मंत्रात ‘सगळ्या वनस्पती’ म्हटलंय, म्हणजे तणही जोरात. खुरपायला ड्रुइड येणार का? ज्याची कोठारं तो पडत्या भावात उचलणार, आणि पुढच्या वर्षी ड्रुइडला चार पैसे देऊन दुसऱ्या खोऱ्यात धाडणार. कूळ होतं तिथंच. भुकेली कुळं मला तरी खरी वाटतात.

रात्रपाळी:
फासेवाल्यांना हवी तशी दुनिया आहे की! याच खेळासाठी कीथ बेकरने रचलेली एबेरॉन, २००४ सालची. तिथे जादूवर आगगाडी धावते, जहाजं हवेतून जातात, रस्त्यावर न विझणारे दिवे. पण मालक बघा. ड्रॅगनमार्क नावाची खूण रक्तातून येते, त्यामुळे आगगाडी ओरिएन घराण्याची, हवाई जहाजं लिरँडारची, दवाखाने जोरास्कोचे, तेही पैसे मोजून. कॅनिथ घराण्याने तर युद्धासाठी सैनिकच घडवले, वॉरफोर्ज्ड. शंभर वर्षांचं युद्ध संपल्यावर तहात त्यांना माणसासारखे हक्क मिळाले आणि ते घडवणाऱ्या भट्ट्या बंद करायचं ठरलं. आता हे हजारो जण, ज्यांना लढण्यापलीकडे काही शिकवलंच नव्हतं, त्यांनी करायचं काय? दीड लाख एकरांपेक्षा मला हा प्रश्न जास्त पटतो.

(अवांतर: मॉरोविंड हा व्हिडिओ गेम, २००२. टेल्व्हानी जादूगारांच्या मनोऱ्यांत वर जायला जिनाच नाही. उडता येत नसेल तर खालीच थांबा. अख्खा वर्गभेद एका न बांधलेल्या जिन्यात!)

तिरकस:
एबेरॉन माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. तिथे किरकोळ जादू सगळीकडे, मोठी जादू मात्र मोजक्यांकडे. बेकरने हे मुद्दाम केलं, नाहीतर साहसाला जागाच उरली नसती.

फासेवाला:
किरकोळ जादूने आगगाडी धावली ना? मग झालं तर!

डोंगरी:
दोघंही उलट्या टोकाने बघताय. ड्रॅगन एज घ्या, २००९पासूनची व्हिडिओ गेमची मालिका. तिच्या दुनियेत, थेडासमध्ये, जादू एकच. उत्तरेला टेव्हिंटरमध्ये जादूगार राज्य करतात, गुलाम राबवतात. दक्षिणेला तेच जादूगार मनोऱ्यात कोंडलेले, दारावर टेम्प्लर, म्हणजे पहारेकरी सरदार. ज्यांचा भरवसा नाही त्यांना ट्रँक्विल करतात, म्हणजे भावना आणि स्वप्नं काढून घेतात. आणि मंतरलेल्या वस्तू बनवायला नेमके हेच लोक बसवतात! त्या मनोऱ्याच्या कमाईत मन काढून घेतलेल्या कारागिरांचा वाटा आहे. मंत्र तोच, समाज दोन. जादू समाज घडवते म्हणे.

फासेवाला:
साफ असहमत. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचीच डार्क सन ही दुनिया घ्या, १९९१. तिथल्या अथास या ग्रहावर मंत्र म्हटला की आसपासच्या झाडाझुडपांचा जीव शोषला जातो, जमिनीची राख होते. अख्खं जग वाळवंट झालं. धातू इतका दुर्मिळ की हत्यारं हाडांची. हे कुठल्या दरबारात ठरलं? जादूचा गुणधर्मच तसा.

डोंगरी:
त्याच अथासवर प्रिझर्व्हर आहेत, जमीन न जाळता मंत्र म्हणणारे. ती वाट सावकाशीची, जाळणारी झटपट. जादूगार-राजांनी झटपट वाट धरली. आता गुणधर्माला दोष देताय?

फासेवाला:
झटपट वाट आहे, हाच गुणधर्म! ती नसती तर धरली कशी असती?

तिरकस:
हे रात्रभर चालेल. शनिवारी मला खेळ घ्यायचाय. दुष्काळ ठेवू की नको?

फासेवाला:
एकाच अटीवर. ड्रुइड संपावर गेलेत असं दाखवा.

कांदेबहाद्दर:
मागण्या काय आहेत त्यांच्या?