मदत हवी आहे: पीजी-रिस्टोअरला आठ जॉब देऊनही १९० जीबीच्या बॅकअपला ११ तास

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या एका रुग्णालयात डेटाबेस सांभाळते. लॅब आणि एक्स-रे रिपोर्टांचा पोस्टग्रेस डेटाबेस जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायचा आहे, आवृत्ती १३ वरून १६ वर. त्यासाठी रंगपंचमीचा दिवस मिळालाय. राजवाड्याकडे गेर (रंगांची मिरवणूक) निघते, आमची ओपीडी बंद असते. इमर्जन्सी मात्र चालूच, म्हणून डंप (डेटा फाइलीत काढणं) आणि रिस्टोअर (तो नव्या डेटाबेसात भरणं) मिळून सहा तासांत आटपा असं वरून बजावलंय. पहाटेच्या बसने खरगोनहून आलेल्या माणसाला खिडकीवर "सिस्टिम बंद आहे, नंतर या" असं मी एकदा सांगितलंय. पुन्हा ती वेळ नको.

मागच्या शनिवारी तालीम केली. कमांड देवनागरीत लिहितेय, सांभाळून घ्या:

पीजी_रिस्टोअर -जे ८ -डी रिपोर्ट_नवा --नो-ओनर /बॅकअप/रिपोर्ट.डंप

-जे ८ म्हणजे एकाच वेळी आठ जॉब. कस्टम फॉरमॅटची (पोस्टग्रेसचा स्वतःचा प्रकार) एकच फाइल, १९० जीबी, नॅसवर (नेटवर्कवरची साठवण). नॅस एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत) माउंट केलाय, मध्ये १० गिगाबिटचं नेटवर्क. नव्या सर्व्हरला १६ कोअर, १२८ जीबी रॅम, डेटा सॅनवरच्या (वेगळ्या स्टोरेज नेटवर्कवरच्या) एसएसडी लनवर (डिस्कच्या वाट्यावर). तरी ११ तास लागले. -जे १ देऊन चालवलं तर साडेअकरा!

चालू असताना बघत बसले होते. आठही प्रोसेस जिवंत, पण डेटाबेसकडे बराच वेळ एखाद-दुसरी कॉपी चाललेली, बाकी कनेक्शन आयडल. नॅसवरून वाचन मात्र अखंड. पहिल्या तीन तासांतच स्विचच्या आलेखावर फाइलच्या कितीतरी पट डेटा वाचलेला दिसला. फाइल १९० जीबीची, मग हा वाचतोय काय?

मेंटेनन्स_वर्क_मेम (इंडेक्स बांधताना वापरायची मेमरी) ६४ एमबीवरून २ जीबी केलं. शेवटी इंडेक्स लवकर झाले, सुरुवातीचे तास तसेच राहिले. --सिंगल-ट्रान्झॅक्शन (सगळं एकाच व्यवहारात भरणं) लावून पाहिलं, ते -जे बरोबर चालतच नाही. स्टोरेजवाल्यांनी "लेटन्सी नॉर्मल" म्हणून तिकीट बंद केलं.

बॅकअपची स्क्रिप्ट माझ्या आधीच्या सरांची आहे. जुन्या सर्व्हरवर जागा नव्हती म्हणून अशी:

पीजी_डंप -एफसी रिपोर्ट | एसएसएच नॅस "कॅट > रिपोर्ट.डंप"

रोज पहाटे यशस्वी झाल्याची मेल येते. ती बघून मी दोन वर्षं निर्धास्त राहिले, रिस्टोअर कधी करूनच पाहिलं नाही. हे मनाला फार लागलंय.

प्रतिसाद (ग्वाल्हेरहून)

ताई, दुखणं त्या पाइपमध्ये (स्क्रिप्टमधली | ही खूण, जी डंप थेट नॅसकडे ढकलते) आहे, स्टोरेजमध्ये नाही.

कस्टम फॉरमॅटच्या फाइलीत सुरुवातीला अनुक्रमणिका असते. कुठल्या टेबलचा डेटा फाइलीत नेमका कुठे सुरू होतो हे डंप लिहून झाल्यावर कळतं, म्हणून पीजी_डंप शेवटी मागे जाऊन ते आकडे अनुक्रमणिकेत भरतो. पाइपमध्ये मागे जाता येत नाही. म्हणजे तुमच्या फाइलीत अनुक्रमणिका आहे, पण पृष्ठक्रमांक कोरे. डेटा पूर्ण आहे, काळजी नको. पण आठही जॉब आपापलं टेबल शोधत तीच फाइल पहिल्यापासून चाळत बसतात. तुमच्या आलेखावर दिसलं ते हेच.

रंगपंचमीला असं करा. जुन्या सर्व्हरवरून डंप ढकलू नका, नव्यावरून ओढा. १६ चाच पीजी_डंप वापरा, तसंही नव्या आवृत्तीचाच वापरायचा असतो:

पीजी_डंप -एच जुना -एफडी -जे ४ -एफ /बॅकअप/रिपोर्ट_डिर रिपोर्ट

पहिला एफ मोठ्या लिपीतला, दुसरा लहान. हा डिरेक्टरी फॉरमॅट, प्रत्येक टेबलच्या डेटाची वेगळी फाइल, त्यामुळे शोधाशोध संपली. डंप घेताना -जे फक्त याच फॉरमॅटला चालतो. ४ जॉबना ५ कनेक्शन लागतील, जुन्या सर्व्हरवर तेवढी मोकळी आहेत ना बघा.

प्रतिसाद (बडोद्याहून)

वरच्या दादांचं बरोबर आहे. माझी थोडी भर.

एका टेबलचा डेटा एकच जॉब भरतो. तुमचं रिपोर्टांचं टेबल एकटंच निम्म्या डेटाबेसएवढं असेल, तर -जे १६ केलं तरी ते संपेपर्यंत थांबावंच लागेल.

पीजी_डंप रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) घेत नाही. आधी पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली घेऊन नव्यावर चालवा. --नो-ओनर (मूळ मालकी सोडून द्या) दिलं तरी ग्रँट (परवानग्या) येतातच, रोल नसला की तिथे एरर. पीजी_रिस्टोअर एररवर थांबत नाही, पुढे जातो आणि शेवटी फक्त किती एरर दुर्लक्षित केल्या तो आकडा सांगतो. ती ओळ वाचल्याशिवाय काम झालं म्हणू नका.

मॅक्स_वॉल_साइझ (बदलांची नोंदवही किती वाढू द्यायची ती मर्यादा) मूळच्या १ जीबीवरच असेल तर वाढवा, नाहीतर चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) सारखे होत राहतील. कोणी एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर नक्की पोचल्याची खात्री) बंद करायला सांगेल, रुग्णांच्या डेटावर ते करू नका. आणि शेवटी व्हॅक्युमडीबी --अनलाइझ-इन-स्टेजेस चालवा, त्याने टेबलांची आकडेवारी नव्याने गोळा होते. ते राहिलं तर सकाळी प्रत्येक क्वेरी रांगेल आणि सगळे नव्या सर्व्हरला नावं ठेवतील.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा तालीम केली. डंप १ तास २० मिनिटं, रिस्टोअर ३ तास ५ मिनिटं. मोठं टेबल खरंच एकटं दोन तास चाललं होतं. मागच्या वेळच्या लॉगमध्ये "४१ एरर दुर्लक्षित" ही ओळ होती, मी ती पाहिलीच नव्हती. सगळ्या ग्रँटच्या निघाल्या. या वेळी रोल आधी घातले, एकही एरर नाही.

एक राहिलं: पाइपने घेतलेल्या जुन्या फाइली नॅसवर पडून आहेत. त्या ठेवाव्यात का?

प्रतिसाद (ग्वाल्हेरहून)

ठेवा, त्या निरोगी आहेत. कधी लागलीच तर आधी लोकल एसएसडीवर कॉपी करा आणि -जे न देता चालवा. एकदा सरळ वाचून होईल.