अनोळखी माणसांची छायाचित्रे : परवानगी आधी घ्यावी की नंतर?

प्रश्न
परक्या शहरात फिरताना मला इमारतींपेक्षा माणसे टिपावीशी वाटतात : ओझे वाहणारी, दाराशी गप्पा मारत बसलेली, बसची वाट पाहता पाहता पेंगणारी. परंतु आधी विचारले की समोरची व्यक्ती सावरून बसते आणि जे टिपायचे होते तेच नाहीसे होते. न विचारता ७०-२०० मिलिमीटरच्या झूमने दुरून टिपले, तर आपण चोरून पाहत आहोत असे वाटते आणि छायाचित्रेही निर्जीव येतात. यातून आपण मार्ग कसा काढता?

प्रतिसाद १
झूम मुक्कामाच्या खोलीतच ठेवावी. दुरून टिपले की मागचेपुढचे सारे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसते. ३५ मिलिमीटरची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स असली की दोन-तीन मीटरपर्यंत जावेच लागते आणि पाहणाऱ्यालाही आपण तिथे उभे असल्यासारखे वाटते. मी तिरपा प्रकाश पडणारा एखादा कोपरा निवडून अर्धा तास तिथेच थांबतो. सुरुवातीला सगळे माझ्याकडे पाहतात, मग ज्याचा तो आपापल्या कामाला लागतो. फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर लेन्सचे छिद्र लहान, म्हणजे एफ/८ ठेवून फोकस तीन मीटरवर कायम केला, तर साधारण दोन ते सात मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते आणि डोळ्याला कॅमेरा लावून चाचपडावे लागत नाही. चालत्या माणसांसाठी शटर १/२५० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडे नसावे, नाहीतर माणसे पुसट येतात. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकत असत. मला मात्र कॅमेरा गळ्यात उघड दिसलेलाच बरा वाटतो.

प्रतिसाद २
लोकांनी दुर्लक्ष करणे म्हणजे संमती देणे नव्हे, एवढे मला वरील प्रतिसादात जोडावेसे वाटते. शिवाय छायाचित्र काढणे आणि ते प्रसिद्ध करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कॅनडातील क्यूबेक प्रांतात पायऱ्यांवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र संमतीविना एका नियतकालिकात छापले गेले होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली तिला मिळालेली २,००० डॉलरची भरपाई कायम ठेवली. त्यात तिची बदनामी करणारे काहीही नव्हते. म्हणून जिथे जायचे तिथला नियम निघण्यापूर्वीच पाहून ठेवावा. लहान मुले, आजारी माणसे आणि उघड्यावर झोपलेले लोक यांच्याकडे मी कॅमेरा वळवतच नाही, मग कायदा काहीही म्हणो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. टिपल्यानंतर नजरानजर झाली आणि समोरच्याने नापसंती दर्शवली, तर काय करावे?

प्रतिसाद १
कॅमेऱ्याच्या पडद्यावर छायाचित्र दाखवावे आणि त्याने मान हलवून नकार दिला तर त्याच्यासमोरच पुसून टाकावे. भाषा येत नसली तरी एवढे हातवाऱ्यांनी जमते. पसंत पडले, तर अनेकदा तीच व्यक्ती आणखी एक काढायला सांगते. तेही काढावे, मात्र ठेवण्याजोगे बहुधा पहिलेच असते.