पंपाची बेअरिंगं नवीन टाकली तरी हाऊसिंग तापतंय, सीलपण टिपकतंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं युनिट आहे, तिथल्या कूलिंग टॉवरच्या पंपाबद्दल विचारायचंय. एंड सक्शन पंप, 20 एचपी मोटर, 2900 आरपीएम, बेअरिंग हाऊसिंग ऑइलचं आहे, ग्रीसचं नाही. कपलिंगकडे (मोटर जोडतो त्या बाजूला) 7307 नंबरच्या बेअरिंगची जोडी आणि इंपेलरकडे (पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या बाजूला) एनयू 307 हे रोलर बेअरिंग.

आवाज यायला लागला म्हणून उघडला, तर जोडीतल्या एका बेअरिंगच्या ट्रॅकवर खडबडीत चट्टे पडलेले, एनयू मात्र ठणठणीत. म्हटलं उघडलाच आहे तर सगळंच बदलून टाकू, त्यामुळे मेकॅनिकल सील (पंपाचं पाणी अडवणारं) आणि ऑइल सीलपण (हाऊसिंगचं तेल अडवणारं) नवीन आणली. जोडणी बाहेरच्या एका फिटरकाकांनी केली, हात चांगला आहे त्यांचा पण घाई फार. बेअरिंगं तेलात गरम करून बसवली, हातोडा मारला नाही, मी तिथेच उभा होतो. जोडीतली बेअरिंगं कुठल्या बाजूला तोंड करून बसवायची ते विचारलं तर म्हणाले "गमे तेम, चालसे" (कशीही लाव, चालेल), आता यावर काय बोलणार!

आता प्रॉब्लेम असा की अर्ध्या तासात कपलिंगकडे हात ठेववत नाही, टेंपरेचर गनने 91 डिग्री दाखवतंय आणि इंपेलरकडे 58. बाहेर 41 आहे हे मान्य, पण एवढा फरक? ऑइल साइट ग्लासच्या मध्यावर आहे, मोटर-पंपाचं अलाइनमेंट डायल (बारीक हालचाल मोजणारं सुईचं मीटर) लावून केलंय, 0.05 एमएमच्या आत आहे. पंप बंद करून शाफ्ट मागेपुढे ढकलून बघितला तर डायलची सुई ढिम्म हलत नाही. आणि एक गोष्ट राहिली, बसवताना लॉक नट ढिला होता तोवर शाफ्ट बोटाने फिरत होता, नट कसला आणि जड झाला. काका म्हणाले नवीन आहे, रुळेल.

मेकॅनिकल सील पंप चालू असताना टिपकतंय. मला वाटतंय जोडी उलटी बसलीय. परत उघडायच्या आधी कोणी नीट सांगेल का?

तेलकट_हात: दादा, तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ना, नट कसल्यावर जड झाला, त्यातच उत्तर आहे. जोडी पाठीला पाठ, म्हणजे बाहेरच्या रिंगांच्या रुंद कडा एकमेकींना टेकवून बसवली असेल तर नट आतल्या रिंगा आवळतो आणि मधली जागा संपते. तोंडाला तोंड असती तर नट कसून काही झालं नसतं, बाहेरचं कव्हर आवळल्यावर जड झाला असता. म्हणजे काकांनी दिशा बरोबरच ठेवलीय, पंपात बहुतेक पाठीला पाठच असते. गडबड बेअरिंगच्या नंबरात दिसतेय. खोक्यावर 7307 च्या पुढे काय लिहिलंय?

धागाकर्ता: खोकं सापडलं. एसकेएफ 7307 बीईपी, दोन्ही तेच.

तेलकट_हात: मग झालंच की. बीईपी एकटं वापरायचं बेअरिंग आहे. जोडीने लावायचं तर बीईसीबीपी पाहिजे, त्यातल्या सीबीचा अर्थ कुठलीही दोन शेजारी लावली तरी मधे ठरलेली बारीक जागा राहते. साध्याची दोन लावली की नशिबावर, कधी ढिली बसतात कधी आवळून. तुमची आवळून बसलीत. पंप चालवू नका, रुळत बिळत काही नाही, चट्टे पडतील परत. दुकानदार दोन्ही सारखीच म्हणेल, त्याचं ऐकू नका. आणि सीबीवाली लावल्यावर डायल परत लावून बघा, सुई अगदी किंचित हलली पाहिजे.

रविवार_वर्कशॉप: +1. भर घालतो, बेअरिंग 110 डिग्रीपर्यंतच गरम करा, शेवटचा पी म्हणजे गोळ्या धरून ठेवणारा नायलॉनचा पिंजरा, 120 च्या वर तो खराब होतो. तेलाच्या भांड्यात जाळीवर ठेवा, बुडाला टेकता कामा नये. आणि गरम बसवलं की लगेच नट लावून शोल्डरला (शाफ्टवरच्या पायरीला) दाबून ठेवा, कारण थंड होताना रिंग रुंदीतपण आकसते आणि शोल्डरपासून सुटते. गार झालं की नट परत कसायचा, मगच नट सुटू नये म्हणून वॉशरची जीभ वाकवायची. हे नव्वद टक्के लोक विसरतात (आकडा माझ्या अंदाजाचा, भांडू नका).

धागाकर्ता: बाप रे, मी उगाच काकांच्या नावाने खडे फोडत होतो. आणि सीलचं काय? त्याच्या रबरी बेलोजला (शाफ्टवर बसणाऱ्या घडीच्या नळीला) काकांनी ग्रीस चोपडलं होतं, सरकत नव्हता म्हणून.

तेलकट_हात: रबर कुठलं ते बघा. ईपीडीएम असेल तर ग्रीस आणि मिनरल ऑइलने ते फुगतं, मग स्प्रिंग ढकलते पण बेलोज शाफ्टवर अडकून बसतो आणि सीलचे फेस, म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या, पूर्ण मिटत नाहीत. अशा वेळी साबणाचं पाणी लावायचं. व्हिटॉन किंवा नायट्राइल असेल तर ग्रीसने बिघडणार नाही. फेसवर मात्र कशातच काही लावू नका, बोटसुद्धा नको, कार्बनच्या फेसवर ठसा उमटला तर स्पिरिटने पुसा. उघडण्याआधी टिश्यू पेपर लावून पाणी नक्की कुठून येतंय ते बघून घ्या, शाफ्टच्या कडेने येत असेल तर स्लीव्हची (शाफ्टवर चढवलेल्या नळीची) ओ-रिंग गळतेय, सील नाही.

रविवार_वर्कशॉप: उघडताय तर ऑइल सीलखालचा शाफ्टपण नखाने तपासा. जुन्या सीलच्या लिपने (घासणाऱ्या रबरी कडेने) खाच पाडली असेल तर नवीन सील तिथेच बसून परत गळणार. हाऊसिंगमधे जागा असेल तर सील दोन एमएम आत दाबा म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येते, नाहीतर पातळ स्लीव्ह चढवा. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे.

धागाकर्ता: नखाला खाच लागतेय, आत्ताच बाहेरून जमेल तेवढं बघितलं. सीबीवाली बेअरिंगं सांगून ठेवली, दुकानदार दोन दिवस म्हणतोय. तोवर स्टँडबाय पंपावर भागवतो.