'सत्या': नायक सत्या, मग लक्षात भिकूच का राहतो?

महिरप
जानेवारी २०२५ मध्ये रामगोपाल वर्माचा 'सत्या' (१९९८) हा मुंबईच्या अंडरवर्ल्डवरचा सिनेमा पुन्हा थिएटरात लागला, तेव्हापासून ही चर्चा करायची होती. मनोज बाजपेयीचा गँगस्टर भिकू म्हात्रे पडदा व्यापून टाकतो, आणि ज्याच्या नावाने सिनेमा आहे तो जे. डी. चक्रवर्ती मात्र ठोकळ्यासारखा वाटतो. निवड चुकली, की दिग्दर्शक वर्माला हेच हवं होतं? दुसरं म्हणजे, यापेक्षा कितीतरी रक्त सांडणारे सिनेमे आले, पण यातली हिंसा जास्त अंगावर येते. असं का?

पागोळी
निवड चुकलेली नाही. लेखक सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांनी सत्याला भूतकाळच दिलेला नाही. तो मुंबईत येतो, बस्स. भिकूला बायको प्यारी आहे, मुलं आहेत, टोळीतला कल्लूमामा आहे, वर राजकारणी भाऊ ठाकुरदास आहे. प्रत्येकासमोर त्याचा सूर बदलतो, म्हणून नटाला खेळायला जागा मिळते. सत्याला फक्त त्याची प्रेयसी विद्या आणि मित्र भिकू. जे.डी. बाकी वेळ चेहरा कोरा ठेवतो, म्हणून विद्यासमोरची त्याची थोडीशी नरमाईसुद्धा दिसते. तो फसतो गाण्यांत. तिथे भाव दाखवावाच लागतो आणि तो अवघडतो.

तिसरी घंटा
गंमत पुरस्कारांतही दिसते. भिकूसाठी बाजपेयीला राष्ट्रीय पुरस्कार सहाय्यक अभिनेत्याचा मिळाला आणि फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा. एकच भूमिका, दोन खाती! त्याचं काम पाहायचं तर समुद्रकाठच्या खडकावरच्या आरोळीपेक्षा प्यारीबरोबरची भांडणं पाहा. चिडणं, हात उगारणं आणि हसणं यांच्यात तो पायरी ठेवत नाही. नंतरच्या नकलांत नेमकं हेच निसटलं. त्यांनी आरडाओरडा उचलला आणि भिकूचा घरगुतीपणा सोडून दिला. शेफाली छायाची (आताची शेफाली शाह) प्यारी समोर नसती तर भिकू अर्धाच राहिला असता. तिलाही समीक्षकांचा फिल्मफेअर मिळाला, तोही मोजक्या प्रसंगांवर.

गिरगावकर
हिंसेबद्दल. नेहमीच्या सिनेमात संगीत चढतं, कॅमेरा जवळ जातो, आपण सावरून बसतो. इथे भिकूचा खून आठवा. भाऊ निवडणूक जिंकलाय, आनंद चाललाय, भिकू पूर्ण बेसावध, आणि भाऊचीच गोळी सुटते. हौतात्म्याचं भाषण नाही. ज्याच्यावर आपण जीव लावला तो एका क्षणात वस्तू होतो, आणि पुढचा सिनेमा त्या पोकळीत चालतो. थिएटरमधल्या चेंगराचेंगरीत तर सत्या पोलिसांपासून सुटायला गोळी झाडतो आणि मरतात सिनेमा पाहायला आलेली माणसं. तिथून पुढे त्याच्याबद्दलची सहानुभूती आपल्यालाच टोचायला लागते.

महिरप
पटलं, पण मग सूडाचं काय? विसर्जनाच्या गर्दीत सत्या भाऊला भोसकतो तेव्हा थिएटर टाळ्या वाजवतं. तो तर ठरीव शेवट झाला ना?

गिरगावकर
सिनेमा तिथे संपला असता तर झाला असता. पण त्यानंतर जखमी सत्या विद्याच्या दारापर्यंत येतो आणि ती दार उघडत नाही. टाळ्या वाजवणारे हात तिथे थांबतात. आणि महिरप, जे.डी.चा कोरा चेहरा तिथेच कामी येतो. ज्याने अख्ख्या सिनेमात कुणाकडे काही मागितलं नाही, तो पहिल्यांदा विनवतोय.