बदलापूरला टू बीएचके की डोंबिवलीत वन बीएचके? मुलीच्या शाळेवरून गाडी अडलीये

परळची_आई:

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं होईल. आम्ही चौघं सध्या परळला भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहतो. मुलगी साडेपाचची, सिनियर केजीत आहे, जूनला पहिलीत जाईल, मुलगा दोन वर्षांचा. माझं ऑफिस दादरला, मिस्टरांचं ऐरोलीला. बजेट ५५ लाखांच्या आसपास, त्यात मुंबईत काही मिळत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

दोन जागा पाहिल्या. एक बदलापूर पूर्वेला नवीन कॉम्प्लेक्समध्ये टू बीएचके, समोरच सीबीएसई शाळा, मोठी बिल्डिंग, एसी वर्ग, रोबोटिक्स लॅब. दुसरी डोंबिवली पश्चिमेला जुन्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके, तिथून चालत दहा मिनिटांवर एका जुन्या संस्थेची मराठी शाळा, सेमी इंग्लिश आहे. नव्या शाळेत काउन्सेलर मॅडमनी तासभर फिरवून सगळं दाखवलं पण पहिलीच्या टीचरना भेटू का विचारलं तर ॲडमिशन झाल्याशिवाय भेट होत नाही म्हणाल्या. जुन्या शाळेत कोणी फिरवलं नाही, क्लार्कनी फॉर्म कधी मिळेल एवढं सांगितलं, पण जिन्यात एक बाई भेटल्या त्या आपणहून थांबून मुलीशी पाच मिनिटं बोलल्या. एका वर्गात ५५ मुलं आहेत म्हणे.

मला कळतच नाहीये की शाळा चांगली हे बघायचं कशावरून. बोर्ड, निकाल, फी, बिल्डिंग की अजून काही? सासूबाई साताऱ्याला असतात, येऊन जाऊन. माझी सख्खी मावशी बदलापूर पश्चिमेला राहते, पण तिच्यावर भार टाकायचा नाही असं आमचं ठरलंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

कुलगाव_पूर्व:

ताई, मी सात वर्षं बदलापुरात राहते, नोकरी घाटकोपरला, मुलगा आता चौथीत. तुमच्या प्रश्नात शेवटी जे सहज लिहिलंय ना मावशीचं, ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

सांगते का ते. मुलगा पहिलीत असताना एका दुपारी शाळेतून फोन आला, ताप आहे, उलटी झाली, घ्यायला या. मी तशीच निघाले, ठाण्यापर्यंत ठीक आले, पुढे कळव्याला गाडी जी उभी राहिली ती राहिलीच. शाळेत पोचायला मला अडीच तास लागले. पोर ऑफिसबाहेरच्या बाकावर दप्तर उशाला घेऊन झोपलेलं, शर्टावर उलटीचा डाग तसाच, आणि शेजारी शिपाई मावशी त्याच्या कपाळावर ओला रुमाल धरून बसलेल्या. त्या दिवशी मला त्या शाळेबद्दल जे कळलं ते कुठल्याही ब्रोशरमध्ये नव्हतं. त्या मावशींचे उपकार मी कधी विसरणार नाही, पण त्याच दिवशी मी ठरवलं की वीस मिनिटांत शाळेत पोचेल असं आपलं माणूस हवंच. आम्हाला मग शेजारच्या काकू मिळाल्या, तुमच्याकडे तर सख्खी मावशी आहे. भार टाकायचा नाही हे बरोबर, पण तिला एकदा विचारा तरी, न विचारता तुम्हीच तिच्या वतीने नाही म्हणू नका.

पावसाचंही बघा. जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, आठवत असेल. त्या दिवशी इकडे पश्चिमेला नदीकडच्या भागात तळमजले पाण्यात होते. त्यामुळे पश्चिमेला काही बघितलं तर त्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं हे एजंटला नाही, खालच्या किराणावाल्याला विचारा. आणि शाळेत हे विचारा की गाड्या बंद पडल्या आणि आईबाप पोचले नाहीत तर मुलांना कोण सांभाळतं, किती वाजेपर्यंत. ह्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार पाहिजे, ह्या लाइनवर राहणाऱ्या प्रत्येकावर ती वेळ कधी ना कधी येतेच.

आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या गावात शाळेतल्या लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं ते सगळ्यांना माहीत आहे, लोक रुळावर उतरले होते. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या आईला हेच सांगते की कॅमेरे किती हे विचाराच पण त्याआधी विचारा की लहान मुलींना बाथरूमला कोण नेतं, ती बाईच असते का, ती आली नाही तर बदली कोण. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असायला हवी ती सखी सावित्री समिती आहे का, त्यात पालक कोण आहेत. विचारताना अजिबात लाजू नका.

बाकी बदलापूर वाईट नाही हो. मोकळं मैदान आहे, हवा बरी आहे, इथूनच सुटणारी लोकल पकडली तर बसायला मिळतं.

निवृत्त_बाई:

तुझ्याएवढी माझी मुलगी आहे म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलं, त्यातली शेवटची १४ डोंबिवलीत.

शाळा बघायची तर मुलांच्या वह्या बघ. शाळा दाखवते त्या प्रदर्शनातल्या नाही, त्या बिल्डिंगमधल्या एखाद्या दुसरी तिसरीतल्या मुलाची वही त्याच्या आईकडून मागून घे आणि निवांत चाळ. मी एका ओळखीच्या मुलीची वही बघितली होती, मोठी फी घेणाऱ्या शाळेतली. ३४ अधिक २८ बरोबर ५१२ असं लिहिलं होतं आणि त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण, खाली एक स्टार. पोरीने ४ आणि ८ चे १२ करून ते तसेच मांडले होते आणि डावीकडे ५ लिहिला होता, म्हणजे हातचा कळला नव्हता. नुसता हातचा! दहा मिनिटांचं काम होतं, दहा दहा काड्यांचे गठ्ठे घेऊन बसवलं असतं तर कळलं असतं. पण वही कोणी वाचलीच नव्हती, फक्त खुणा केल्या होत्या. ज्या वहीत चुकीच्या शेजारी बाईंनी पुन्हा करून दाखवलंय आणि त्याखाली मुलाने स्वतः एक सोडवलंय, ती शाळा धर, मग भिंतीचा रंग उडालेला असला तरी चालेल.

दुसरं, शिक्षक किती टिकतात. पहिलीच्या बाई इथे किती वर्षं आहेत, गेल्या वर्षी पहिलीला कोण होतं, ते आता कुठे आहेत एवढंच विचार. एका वर्षात वर्गाला तीन बाई बदलल्या असतील तर त्या मुलांचं वाचन कच्चं राहतंच, मी अशी मुलं पाचवीत हाताखाली घेतलीयेत, फार जड जातं त्यांना.

५५ मुलांचं मी लपवणार नाही, ते जास्तच आहेत. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक असं आहे. मी स्वतः ६० चा वर्ग घेतलाय, शेवटच्या बाकावरची गप्प मुलं हातातून निसटतात. तुझी मुलगी बोलकी असेल तर निभेल, अबोल असेल तर ह्याचा गांभीर्याने विचार कर, तू लिहिलं नाहीस ती कशी आहे.

निकालाच्या बोर्डाला भुलू नकोस. दहावीचा शंभर टक्के निकाल म्हणतात तिथे एक प्रश्न विचार, आधीच्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि दहावीला शाळेकडून किती बसली. काही ठिकाणी कच्च्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेरून बसवतात, मग निकाल शंभर टक्के लागणारच. मला ह्याची आजही चीड येते.

माध्यमाचं म्हणशील तर घरात तुम्ही मराठी बोलता, पहिली दोन तीन वर्षं तिला कळतंय त्या भाषेत गणित आणि वाचन पक्कं झालं तर पुढे सेमीला अडचण येत नाही, मी शेकड्यांनी मुलं बघितलीत. पण तुमच्या बदलीच्या नोकऱ्या असतील, राज्याबाहेर जायची शक्यता असेल तर सीबीएसईला अर्थ आहे.

चौथी_सीट:

वरच्या दोघींनी मनातलं लिहिलंय, मी कागदपत्रांचं सांगतो कारण त्यात आम्ही पोळलोय. कल्याणच्या पुढच्या एका शाळेत (नाव घेत नाही) मुलाला घातलं, गेटवर सीबीएसई लिहिलेलं, विचारलं तर ॲफिलिएशन प्रोसेसमध्ये आहे, होऊन जाईल. सातवीपर्यंत तेच उत्तर. आठवीत सांगितलं की मुलांची नावं आमच्या दुसऱ्या ब्रँचमधून लावू. म्हणजे मुलगा बसणार ह्या वर्गात आणि कागदोपत्री शिकणार भलत्याच गावात. शेवटी काढला त्याला, आठवीत शाळा बदलताना पोराचे मित्र सुटले ते वेगळंच, दोन महिने धड बोलत नव्हता घरात.

त्यामुळे ताई, त्या नव्या शाळेकडे ॲफिलिएशन नंबर मागा आणि सीबीएसईच्या साइटवर स्वतः टाकून बघा, कुठल्या इयत्तेपर्यंत मान्यता आहे तेही तिथे कळतं. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ आकडी यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, तो द्यायला टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादीही काढतो, ती बघा.

फीचं, आपल्याकडे २०११ चा फी नियमन कायदा आहे, दोन वर्षांत एकदाच वाढ आणि ती पालक शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर यावी लागते. तर त्या समितीतल्या एखाद्या पालकाला गाठा, शाळेतून नंबर देत नसतील तर सुटायच्या वेळी गेटवर उभे राहा, तिथे सगळं कळतं. पहिल्या वर्षाची फी बघून हप्ता बसवू नका, होम लोन वीस वर्षांचं असतं आणि शाळेची फी दर दोन वर्षांनी चढते, त्यात बस, पुस्तकं, युनिफॉर्म वेगळं. मुलगा दोन वर्षांचा आहे, म्हणजे चार वर्षांनी हे सगळं गुणिले दोन.

वेळेचं पण बघा. २०२४ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवायचे असा जीआर आहे, तरी सगळीकडे तसं होतं असं नाही. तुम्हाला दादरला १० ला पोचायचं असेल तर बदलापूरहून आठ सव्वाआठची गाडी हवी, आणि शाळा ९ ची असेल तर मुलीला सोडणार कोण? हे गणित आधी सुटलं पाहिजे, बोर्ड नंतर. आणि माझा खरा सल्ला, आधी अकरा महिने भाड्याने राहा. पहिलीत पटलं नाही तर दाखला घेऊन शाळा बदलता येते, आठवीपर्यंत दाखला अडवता येत नाही, पण घेतलेला फ्लॅट बदलता येत नाही.

रामनगर_डोंबिवली:

सगळे शाळेचंच बोलतायत म्हणून एकच गोष्ट. डोंबिवली घ्यायचं असेल तर आधी आठवडाभर सकाळी ८ ते ९ मध्ये डोंबिवलीहून लेडीज डब्यात चढून बघा. मी बारा वर्षं चढतेय. अंतर बदलापूरपेक्षा कमी आहे, दादर पाऊण तासात येतं, पण रोज दारात लटकून येणारी आई संध्याकाळी अभ्यासाला बसते तेव्हा तिच्यात काय उरलेलं असतं ते मला माहितीये. चालत जायची शाळा मात्र मोठी सोय आहे, माझी दोन्ही मुलं दुसरीपासून मोठ्या मुलांच्या घोळक्यात चालत गेली. व्हॅनवाले दहा दहा मुलं कोंबतात, तो जीवाचा घोर आम्हाला नव्हता.

परळची_आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुम्ही विचारलंत ना, मुलगी अबोल आहे. घरात खूप बडबड, बाहेर माझ्या ओढणीत तोंड लपवते. ते लिहायला हवं होतं, खरं तर तीच मोठी काळजी आहे.

शनिवारी दोघंही गेलो होतो. नव्या शाळेने यूडायस नंबर लगेच दिला, मान्यताही नीट आहे, तिथे माझा गैरसमज होता. पण त्या कॉम्प्लेक्समधल्या एका ताईंकडून दुसरीतल्या मुलाच्या वह्या बघितल्या, इंग्लिशच्या वहीत अख्खं पान फळ्यावरून उतरवलेलं, आणि मुलाला वाच म्हटलं तर पाठ म्हणाला, बोट भलत्याच ओळीवर. त्या ताई म्हणाल्या की ह्या वर्षी तिसऱ्या टीचर आहेत.

मग संध्याकाळी मावशीकडे गेलो आणि भीत भीत विषय काढला. ती चिडलीच माझ्यावर, म्हणाली परळहून इथपर्यंत शाळा शोधत आलीस आणि मला कळवलं नाहीस. तिच्या घरापासून बारा मिनिटांवर एक साधी शाळा आहे, सेमीच, पहिलीला ३६ मुलं, पहिलीच्या बाई नऊ वर्षं तिथेच आहेत. सोमवारी सुट्टी टाकून सुटायच्या वेळी गेटवर उभी राहिले. एक मुलगा पाण्याची बाटली विसरला होता तर बाई त्याला नावाने हाक मारत रस्त्यापर्यंत आल्या. नदी मावशीच्या घरापासून लांब आहे, २०१९ ला तिच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं हे खालच्या वाण्याने पण सांगितलं.

टू बीएचके सोडला. पश्चिमेलाच अकरा महिन्यांसाठी भाड्याने बघतोय, मिस्टरांना ठाण्याला बदलून ऐरोली गाठायला लागेल, त्यांची तयारी आहे. शाळेचा फॉर्म आणलाय. त्यात तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा असे तीन रकाने आहेत, तिसऱ्यात मावशीने स्वतःच्या हाताने तिचा नंबर लिहिलाय.