मदत हवी आहे : रात्री करून ठेवलेली न्याहारी सकाळी बिघडू नये म्हणून काय करावे?

सकाळी लवकर बाहेर पडावे लागत असल्यामुळे, गॅस न पेटवता खाता येईल अशी न्याहारी मी आदल्या रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवते. विकतचे गोड पदार्थ आणि पेये टाळायची असल्याने पदार्थ अगदी साधे असतात : दुधात भिजवलेले ओट्स, फळे घातलेले दही किंवा फळ घालून घुसळलेले दूध, आणि उकडलेली अंडी.

मुख्य अडचण दह्याची आहे. केळे किंवा सफरचंद घातलेले दही सकाळी थोडे काळवंडते, पण फोडींना आधी लिंबाचा रस चोळला की तेही फारसे होत नाही. मात्र अननस किंवा किवी घातले, तर रात्री उत्तम लागणारे तेच दही सकाळी पातळ झालेले असते, कडेने पाणी सुटलेले असते आणि जिभेच्या मागच्या बाजूला चांगलाच कडवटपणा जाणवतो. फळ पिकलेले आणि गोड असते, दही ताजे असते, आणि घुसळलेल्या दुधाचीही हीच गत होते. विशेष म्हणजे डबाबंद अननस घातले की असे काहीच होत नाही. हे कशामुळे होत असावे?

दुसरे ओट्सचे. एक वाटी ओट्सना दोन वाट्या दूध घालून ठेवले की सकाळी चमच्याला तार येईल इतका चिकट लगदा होतो. मला दाताखाली दाणा लागायला हवा आहे. अंड्यांच्या बलकाभोवती हिरवट कडा येते, तीही टाळता आली तर बरे. ‘सकाळीच ताजे करा’ हा सल्ला योग्य असला तरी कृपया तो देऊ नये.

प्रतिसाद :
डबाबंद अननसाच्या उल्लेखातच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन आणि किवीत ॲक्टिनिडिन ही विकरे (एन्झाइम) असतात. ती दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात, त्यामुळे दह्याची घडण मोडून पाणी सुटते, आणि त्या तुकड्यांपैकी काही चवीला कडू असतात. डब्यात भरताना फळ तापवले जात असल्यामुळे विकर निकामी होते. फ्रिजमधल्या थंडीने त्याचे काम मंदावते, थांबत नाही; फळ गोठवून ठेवल्यानेही ते नाहीसे होत नाही. तेव्हा एक तर फोडी वेगळ्या डबीत ठेवून खाताना मिसळाव्यात, किंवा त्या स्वतःच्याच रसात उकळी येईपर्यंत शिजवून, पूर्ण गार करून मग दह्यात घालाव्यात. कच्ची पपई, अंजीर आणि आले यांतही अशीच विकरे असतात. आल्याचे दूध करताना आले आधी पाण्यात उकळून घेतले तर दूध फाटण्याचा धोका कमी होतो, तो याच कारणाने. द्राक्षे, केळी, स्ट्रॉबेरी निर्धास्तपणे घालावीत.

ओट्सचा चिकटपणा त्यातल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे येतो. झटपट शिजणाऱ्या पातळ ओट्समधून तो लवकर सुटतो, म्हणून जाड चपटे ओट्स आणावेत. चपटे करण्यापूर्वी ते वाफवलेले असतात, त्यामुळे न शिजवता नुसते भिजवून खाल्ले तरी चालतात. कोरड्या कढईत खमंग वास येईपर्यंत भाजून, गार झाल्यावर वाटीभर ओट्सना वाटीभरच दूध घालावे आणि ढवळत बसू नये. उरलेले दूध सकाळी, खाताना घालावे.

दुसरा प्रतिसाद :
अंड्यांपुरते लिहितो. जास्त वेळ उकडल्यास बलकातले लोह आणि पांढऱ्यातून सुटणारे गंधकयुक्त वायू यांचा संयोग होऊन ती कडा येते. ती अपायकारक नाही. उकळत्या पाण्यात अलगद सोडून सुमारे 10 मिनिटांनी अंडी काढावीत आणि लगेच गार पाण्यात टाकावीत. अगदी ताज्या अंड्यांचे कवच सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात, त्यामुळे काही दिवसांची अंडी उकडायला बरी. कवचासकट फ्रिजमध्ये ठेवल्यास आठवडाभरात संपवावीत.

मूळ प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. शिजवल्यावर अननसाचा ताजा वास राहत नाही, त्यामुळे मी वेगळ्या डबीचाच मार्ग धरेन. एक उपप्रश्न आहे : ओट्स एकदमच भाजून बरणीत भरून ठेवले तर चालतील का?

प्रतिसाद :
चालतील, पण थोडेच भाजावेत. इतर बहुतेक धान्यांपेक्षा ओट्समध्ये स्निग्धांश जास्त असतो आणि भाजल्यावर ते लवकर खवट होऊ शकतात. आठवड्याला पुरतील एवढे भाजून, पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावावे. कोमट असताना बंद केल्यास आत वाफ धरते आणि भाजल्याचा उपयोग राहत नाही.