१९३० ची फोर्ड मॉडेल ए: पूर्वी कापून पिकअप केलेल्या गाडीची पुन्हा सेदान करावी का?

आयोवाकर (प्रश्न)

नमस्कार. मी अमेरिकेतील आयोवा राज्यात राहतो. आमच्या गावाबाहेरील एका शेतावर झालेल्या जुन्या सामानाच्या लिलावात मी १९३० सालच्या फोर्ड मॉडेल ए गाडीचा सांगाडा विकत घेतला. नोंदणीच्या कागदावर ती दोन दारांची ‘ट्यूडर’ सेदान आहे. प्रत्यक्षात मात्र दारांमागचा सगळा भाग कोणीतरी फार पूर्वी कापून टाकला असून तिथे लाकडी हौदा बसवलेला आहे. सेदानच्या पाठीचा पत्रा मागच्या काचेसकट पुढे सरकवून सीटच्या मागे जोडलेला आहे. चासी (गाडीची खालची लोखंडी चौकट) सरळ दिसते, इंजिन हँडलने फिरते आणि दोन्ही दारे शाबूत आहेत. हौद्याच्या फळ्या मात्र पार कुजल्या आहेत, मागचा फाळका नाहीसा झाला आहे आणि टपावरचे कापड व त्याखालच्या लाकडी पट्ट्या गेल्या आहेत.

माझ्यापुढे तीन वाटा आहेत. नवे पत्रे आणून पुन्हा सेदान उभी करता येईल, कारखान्यातून आलेल्या पिकअपसारखा तयार हौदा आणून बसवता येईल, किंवा जे आहे त्यालाच धरून घरगुती पिकअप दुरुस्त करता येईल. गाडी प्रदर्शनात मांडण्याचा विचार नाही. अंगणातले खत, लाकूडफाटा वाहावा आणि रविवारी गावातून एक फेरी मारावी, एवढीच इच्छा आहे. यातले योग्य काय, आणि हौदा नव्याने करायचा झाल्यास कोणती काळजी घ्यावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुने_ते_सोने

माझ्या मते पिकअपच ठेवावी, आणि त्यामागे केवळ हळवेपणा नाही. अमेरिकन शेतकऱ्याने मोटार कापून मालवाहू करणे ही अपवादाची गोष्ट नव्हती. ती जवळजवळ मोटारीइतकीच जुनी रीत आहे. मॉडेल टी (मॉडेल एच्या आधीची फोर्ड) १९०८ मध्ये आली, परंतु फोर्डने तिच्यावर स्वतःचा पिकअप हौदा द्यायला सुरुवात केली ती १९२५ मध्ये. त्याआधी १९१७ पासून एक टनाची मॉडेल टीटी मिळत होती, पण सुरुवातीची काही वर्षे ती फक्त चासीच्या रूपात येई आणि तिच्यावरचे अंग (बॉडी) ज्याचे त्याने बांधून घ्यायचे असे. मधल्या काळात जुन्या टूरिंग (उघड्या) गाडीचे मागचे आसन काढून तिथे पेटी ठोकणे हा गावोगावच्या लोहार-सुतारांचा नेहमीचा उद्योग होता. शिकागोच्या स्मिथ फॉर्म-अ-ट्रकसारखे तयार संचही विकले जात. त्यात मोटारीच्या मागे लांब चौकट जोडून साखळीने मागची चाके फिरवली जात आणि गाडीचा स्वतःचा मागचा आस (अ‍ॅक्सल) नुसत्या दुय्यम शाफ्टचे काम करी.

तुमची गाडी कापली गेली तो काळ बहुधा मंदीचा किंवा दुसऱ्या महायुद्धाचा असावा. मंदीत जुनी सेदान विकायला काढली तर हाती फारसे काही पडत नसे, आणि नवा ट्रक घेण्याची ऐपत नसे. मग १९४२ च्या फेब्रुवारीत खासगी मोटारींचे उत्पादनच बंद झाले. टायरवर त्याआधीच नियंत्रण आले होते, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून पेट्रोलचे रेशनिंग देशभर लागू झाले. मूळ चणचण पेट्रोलपेक्षा रबराची होती, कारण आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या हाती गेले होते. गाड्या कमी धावल्या म्हणजे टायर कमी झिजतील, हा त्यामागचा हिशेब होता. साध्या मोटारीला ‘ए’ अक्षराची चिठ्ठी काचेवर लावावी लागे आणि आठवड्याला तीन-चार गॅलन मिळत. ट्रकसाठी ‘टी’ चिठ्ठी वेगळी होती आणि तिच्यावर कामापुरते इंधन मिळत असे. अशा वेळी कोठारात पडलेल्या सेदानला हौदा लावणे हा सरळ व्यवहार होता.

तेव्हा कापण्या-जोडण्याआधी गाडी नीट वाचा. कापलेल्या कडेवरून जुना रंग गेला आहे का, की रंग कापल्यावर तुटलेला दिसतो? जोड पितळेने भरलेला आहे, गॅसच्या वेल्डिंगचा आहे, की अलीकडच्या तारेच्या वेल्डिंगचा? फुलीच्या खाचेचे स्क्रू मोटारींत आले ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यामुळे तसे स्क्रू मूळ कामात सापडले तर काम त्याआधीचे नाही, एवढे तरी पक्के होते. सगळ्याचे फोटो काढून ठेवा. कुजलेली फळीसुद्धा माप घेतल्याशिवाय जाळू नका.

(थोडे विषयांतर: ऑस्ट्रेलियात १९३२ मध्ये एका शेतकरी स्त्रीने फोर्डला पत्र लिहून रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी गाडी मागितली. जिलाँगच्या कारखान्यातील लुईस बँट या तरुणाने तिचा आराखडा केला आणि १९३४ मध्ये तिथली पहिली ‘यूट’ (मोटारीच्या केबिनमागे हौदा असलेली गाडी) बाहेर पडली. आयोवातल्या शेतकऱ्याने तेच काम करवत आणि छिन्नी घेऊन केले, आणि त्याचे नाव कुठे लागले नाही.)

मूळरूप

मी थोडा वेगळा विचार मांडतो. जुना प्रत्येक काप म्हणजे इतिहास, असे धरून चालणे बरोबर नाही. युद्धानंतर शर्यतीच्या हौसेपायीही असंख्य मॉडेल ए कापल्या गेल्या, आणि त्यांत जतन करण्याजोगे काही असेलच असे नाही. तुमच्याकडे दारे आणि पुढचा भाग चांगला आहे, म्हणजे अवघड भाग हातात आहे. मागचे पत्रे आजही नवे करून मिळतात. सेदान उभी राहू शकते.

अर्थात पैशाचा आणि वेळेचा विचार केला तर मीही कदाचित ते करणार नाही. मॉडेल एच्या सुमारे ४८ लाख गाड्या निघाल्या आणि त्यांत ट्यूडर हा सर्वाधिक खपाचा प्रकार होता, त्यामुळे एक सेदान कमी झाली म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. माझा खरा विरोध तुमच्या दुसऱ्या पर्यायाला आहे. कारखान्याच्या पिकअपची केबिन वेगळी होती. तिची पाठ, टप आणि दारामागचा भाग सेदानपासून कापून काढलेला नव्हता. सेदानच्या केबिनमागे कारखान्याच्या नमुन्याचा हौदा लावला, तर ती गाडी ना फोर्डची राहील ना त्या शेतकऱ्याची, आणि पुढे विकताना कोणी तिला ‘मूळ पिकअप’ म्हणून खपवले तर ती फसवणूक ठरेल.

पानापक्कड

इतिहासाचे बोलणे झाले, आता कामाचे बोलतो. मी मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांचे पत्राकाम करतो.

सर्वांत आधी: हौदा लांब करण्याच्या मोहाने दोन आसांमधील अंतर वाढवू नका. मॉडेल एचे हे अंतर साडेचार इंच कमी नऊ फूट, म्हणजे १०३.५ इंच आहे आणि पिकअपलाही तेच होते, त्यामुळे तुमची चासी या कामाला जशी आहे तशी योग्य आहे. या गाडीत शाफ्ट उघडा नसून एका बंद नळीत फिरतो आणि मागच्या आसाचा रेटा त्या नळीतूनच पुढे गिअरबॉक्सपर्यंत येतो. अंतर बदलायचे म्हटले की नळी, शाफ्ट, आधाराचे दांडे आणि ब्रेकचे दांडे असे सगळेच बदलावे लागते, आणि एवढे करून मिळते काय, तर हातभर जास्त जागा.

दुसरे, केबिन. सेदानमध्ये दाराचे मागचे खांब मागच्या पत्र्याने आणि टपाच्या कडांनी धरून ठेवलेले असतात. तो भाग गेला की खांब फाकतात, आणि मग दार एकतर घासते किंवा मिटतच नाही. तुमच्या गाडीत पाठ पुढे आणून जोडलेली आहे, म्हणजे त्या जुन्या कारागिराला हे ठाऊक होते. ती पाठ दुरुस्तीसाठी सोडवणार असाल तर आधी गाडी सपाटीवर आणा, दारे बंद करा, दोन्ही खांबांमध्ये आडवा आणि कर्णात तिरपा असे अँगल बोल्टने पक्के करा, आणि मगच एकेक जोड उकला. दार आणि खांब यांमधली फट वर, मध्ये आणि खाली मोजून खडूने तिथेच लिहून ठेवा. परत जोडताना फट चुकली तर पत्र्याला हातोडी घालण्याआधी अंग आणि चासी यांच्यामधल्या गाद्या पाहा; तिथे एक पातळ पत्री सरकवली तरी दाराचे वरचे टोक पुष्कळ हलते.

टपाबद्दल काळजी नको. १९३० मध्ये टपाचा मधला भाग सर्वच अशा गाड्यांत लाकडी पट्ट्या आणि त्यावर मेणकापडासारखे कापड असाच होता. तुमचा टप आखूड असल्याने कामही कमी पडेल.

तिसरे, हौदा. चासीचा मागचा आडवा तुकडा कमानीसारखा वर उचललेला असतो, कारण त्याच्या पोटात आडवी बसवलेली पाट्यांची स्प्रिंग असते. हौद्याची तळफळी थेट चासीवर टेकवायला जाल तर ती या कमानीवर डुगडुगेल. म्हणून चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर ओक लाकडाचे दांडे लांबीच्या दिशेने ठेवा, खाली रबराची किंवा जाड पट्ट्याची गादी द्या, आणि त्यांवर आडव्या तुळया टाकून मग फळ्या बसवा. सेदानच्या अंगाचे बोल्ट ज्या भोकांतून जात होते तीच भोके शक्यतो वापरा; चासीला नवे भोक पाडू नका आणि वेल्डिंग तर मुळीच करू नका. फळ्यांमध्ये बोटभर नाही, पण नाणे जाईल एवढी फट ठेवा, म्हणजे पावसाळ्यात त्या फुगून एकमेकींना ढकलणार नाहीत. हौदा आणि केबिन एकमेकांना जोडू नका. चासी वाटेत थोडी पिळली जातेच, आणि जोडलेले असले तर तो पीळ केबिनच्या पाठीत तडा पाडतो.

चौथे, पेट्रोलची टाकी. ती काचेच्या पुढे, म्हणजे चालकाच्या गुडघ्यांसमोर असते आणि पेट्रोल नुसत्या उतारावर कार्बुरेटरकडे जाते. हौद्याच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, कारण मागे टाकी हलवावी लागत नाही. पण वेल्डिंग करताना ती टाकी काढूनच ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते.

शेवटी भार. सेदानचा मागचा भाग गेल्यावर रिकामी गाडी मागून हलकी होते, त्यामुळे ती उसळते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके ब्रेक लावताच घसरतात. ब्रेक चारही चाकांना आहेत, पण ते दांड्यांनी चालणारे, तेलाचे नाहीत. हौदा भरून गेल्यावर गाडी थांबायला किती अंतर घेते ते मोकळ्या जागी आधी पाहून घ्या. खताच्या ओल्या पोत्यांचे वजन दिसते त्याहून फार जास्त असते.

फियाटवाला

चर्चा वाचून मोह झाला. सांगलीला आमच्याकडे १९६८ ची फियाट ११०० पडून आहे, मागचा भाग गंजलेला. तिचे असे काही करता येईल काय?

पानापक्कड

करता येईल, पण रस्त्यावर काढता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रावरील आणि निर्मात्याने दिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केले. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नवीन नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती दहा वर्षे चालते. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. चासी, अंग किंवा इंजिन बदललेले चालत नाही. तुमच्या फियाटला हौदा लावलात तर ती सवलतही हातची जाईल. तिचा मागचा पत्राच बदलून घ्या.

आयोवाकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे गाडी पाहिली. पाठीचा जोड पितळेने भरलेला आहे आणि त्यावरून काळा रंग सलग गेला आहे. दाराच्या आतल्या बाजूला मात्र त्याखाली मूळ निळा दिसतो. फुलीचा स्क्रू एकही नाही, सगळ्या चौकोनी डोक्याच्या नटबोल्टांच्या जोडण्या आहेत. सर्वांत मौज म्हणजे हौद्याखालचे आडवे अँगल लोखंडी पलंगाच्या चौकटीचे आहेत. पलंगाची पट्टी अडकवायच्या खाचा त्यांवर अजून तशाच आहेत. ते अँगल मी ठेवणार आहे. फळ्या नव्या करीन, जुन्यांच्या मापाने, आणि केबिनची पाठ सोडवणार नाही. नुसता गंज काढून आतून पट्टी देईन.

कागदाचा एक प्रश्न राहिला आहे. नोंदणीवर सेदान असे लिहिलेले असताना अडचण येईल का?

जुने_ते_सोने

तुमच्या राज्यात मालकीचा कागद काउंटीच्या खजिनदाराच्या कचेरीतून मिळतो, तेव्हा अंगाचा प्रकार दुरुस्त करून घेण्याविषयी तिथेच विचारा. पण त्याआधी क्रमांक तपासा. त्या काळी कागदावर इंजिनाचा क्रमांक घालत, आणि इंजिन बदलले की कागद व गाडी यांचा मेळ तुटे. तोच क्रमांक कारखान्यात चासीच्या डाव्या पट्टीवर वरच्या बाजूला ठोकलेला असे, परंतु तो केबिनच्या पुढच्या भागाखाली दडलेला असतो. टाकी काढाल आणि अंगाचे बोल्ट सैल कराल तेव्हा पुढची बाजू थोडी उचलून, तारेच्या ब्रशने घासून पाहा, आणि आकडे दिसले की रंग देण्यापूर्वी त्यांचा फोटो घ्या.